आपत्तीत ‘किती लोक बाधित?’ मोजताना या चुका टाळा

पावसाळा संपला की आमच्याकडे कोणी ना कोणी लॅपटॉप घेऊन येतं. कॉलेजचा प्रकल्प असतो, नाहीतर एखाद्या संस्थेचा अहवाल. विषय तोच: आपत्तींनी बाधित होणाऱ्यांची संख्या वर्षागणिक कशी बदलली. पोट्टे हुशार असतात, तासाभरात आलेख काढतात. चूक त्या तासाच्या आधीच होऊन गेलेली असते.

खातेदार म्हणजे माणूस समजणं

या चुकीनं मला सगळ्यात जास्त छळलं. 2020 च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातलं पाणी आलं, गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले आणि वैनगंगा गावागावात शिरली. ब्रह्मपुरीकडच्या एका गावाचा अहवाल महिनाभरानं माझ्याकडे वाचायला आला. त्यात ‘बाधित लोक 118’. मी त्या गावी जाऊन आलो होतो. एकट्या शाळेतच त्याहून जास्त माणसं झोपत होती! मूळ यादी मागवली, तर ती धानाच्या पंचनाम्याची निघाली. 118 हे सातबाऱ्यावरचे खातेदार. एका सामाईक खात्यात चार भाऊ, त्यांच्या बायका-लेकरं, आणि मोजणीत एक. उलट दोन शिवारांत बांध्या, म्हणजे धानाचे तुकडे, असलेला एक जण यादीत दोनदा. ज्यांचे डोंगे-जाळी वाहून गेली ते ढिवर तर कुठेच नाहीत, कारण नदीचा सातबारा कोणाच्या नावावर नसतो. मक्त्यानं दुसऱ्याची शेती वाहणारा नाही, मजूर नाही.

लिहिणारा पोरगा म्हणे, “सर, मग पाचनं गुणू का?”

अरे, दोनदा आलेल्याचे दहा होतील, आणि ढिवराच्या शून्याला पाचनं गुणून काय येणार बे?

माझी सवय सांगतो. प्रत्येक आकड्याशेजारी मी लाल पेनानं एकक लिहितो: माणसं, कुटुंबं, खातेदार, घरं, हेक्टर. एकक कळलं नाही तर आकडा कंसात राहतो, बेरजेत जात नाही. घरटी माणसं हवी असतील तर अंगणवाडीताईंची नोंदवही बघतो. त्यासाठी गावात जावं लागतं, आणि नेमकं तेच कोणाला नको असतं.

व्याख्या बदलली, हे न बघणं

पीकनुकसानीच्या मदतीसाठी आधी निम्मं पीक जावं लागायचं. 2015 मध्ये ती अट 33 टक्क्यांवर आली. म्हणजे तेवढाच पाऊस, तेवढंच नुकसान, तरी यादी लांबणार. मग आलेख 2015 नंतर वर जातो आणि खाली ओळ येते: ‘हवामान बदलामुळे बाधितांमध्ये वाढ’. हवामान बदलतंय, नाही कोण म्हणतं? पण या उडीत नियमाचा वाटा किती, ते आधी वेगळं करा. मी आलेखावर 2015 ला सरळ उभी रेघ मारतो आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाचतो. जिल्ह्यांचंही तसंच. गडचिरोली 1982 मध्ये चंद्रपुरातून निघाला, वाशिम 1998 मध्ये अकोल्यातून, गोंदिया 1999 मध्ये भंडाऱ्यातून. भंडाऱ्यातले बाधित ‘घटले’ म्हणून आनंद करणारा अहवाल मी वाचला आहे. आधी निम्मा जिल्हा कुठं गेला ते विचारा.

एका वर्षाच्या खांबाला भुलणं

2016 मध्ये केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात दुष्काळग्रस्तांचा आकडा सुमारे 33 कोटी सांगितला. तो आलेखात घातला की बाकीचे सगळे पूर मुंगीएवढे दिसतात. दुष्काळ वेगळ्या कागदावर काढा. तो एका वर्षात मावत नाही, आणि पाऊस कमी झालेल्या भागातल्या सगळ्यांनाच धरतो. पुरात घर गेलेला माणूस आणि दुष्काळी जिल्ह्यात राहणारा माणूस यांची बेरीज मला तरी जमत नाही.

नोंद नाही म्हणजे घटना नाही, असं धरणं

जगभरचे आकडे बहुतेक जण बेल्जियमच्या ईएम-डॅट या आपत्तींच्या नोंदसंग्रहातून उचलतात. तिथं घटना यायला किमान 10 मृत्यू, किंवा 100 बाधित, किंवा आणीबाणीची घोषणा, किंवा आंतरराष्ट्रीय मदतीची हाक लागते. यवतमाळात वीज पडून दोन गुराखी गेले, तर ते तिथं नाहीत. शिवाय हे काम सुरू झालं 1988 मध्ये. त्याआधीचं मागून गोळा केलेलं. 1960 पासूनची चढती रेघ दाखवताना एवढं तरी लिहा. आणि रिकाम्या खान्यात शून्य भरू नका. हात जोडतो.

बळी आणि बाधित एकत्र चालतात, असं मानणं

ओडिशात 1999 च्या चक्रीवादळात सुमारे 10 हजार लोक गेले. 2013 च्या फायलिन वादळात जवळपास 10 लाख लोक आधीच हलवले, बळी काही डझनांवर थांबले. पण हलवलेलेही बाधितांतच मोजले जातात. आकडा मोठा दिसला म्हणून सरकार झोपलं होतं, असं लगेच लिहू नका.

बाकी किरकोळ. देशाची लोकसंख्या 1951 मध्ये 36 कोटी, 2011 मध्ये 121 कोटी. तेव्हा दर लाखामागे काढा. जुलैच्या आणि ऑगस्टच्या पुरात तेच घर बुडालं असेल तर ती दोन घरं नव्हेत. मिलियनचे कोटी करताना शून्यं बोटांनी मोजा. 33 कोटींचे 3.3 कोटी मी छापील अहवालात पाहिलेत.

त्या 118 वाल्या पोराचा परवा फोन आला. नवीन यादी मिळाली म्हणे, कुटुंबं की माणसं ते कळेना. म्हटलं, कोतवालाला विचार. तो म्हणाला, “सर, त्याचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर आहे का?”