इस्त्रीचा बैल, स्टार्टरचा बेडूक: रोबो प्राण्यांची कॉमिक स्ट्रिप काढताना या चुका टाळा

परभणीच्या आमच्या घरात सुपारीचा अडकित्ता खुंटीला टांगलेला असायचा. आजी तो उघडायची तेव्हा मला चोच वासलेला पोपट दिसायचा. माझी स्ट्रिप तिथूनच सुरू झाली. पात्रं तीन: अडकित्त्याचा पोपट, विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरचा बेडूक आणि इस्त्रीचा बैल. वस्तूची कळ फिरली की प्राणी, प्राणी घाबरला की परत वस्तू. ऐकायला सोपं वाटतं. काढायला बसलो तेव्हा कळलं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रूपांतर हाच विनोद समजणं. माझ्या पहिल्या दहा-बारा स्ट्रिप्स त्यातच वाया गेल्या. पहिल्या चौकटीत स्टार्टर, दुसरीत झाकण उघडलं, तिसरीत पाय फुटले, चौथीत बेडूक. वाचणारा म्हणतो, बरं, मग? चारातल्या तीन चौकटी खटाक-खटाक करण्यात गेल्या की बोलायला जागा उरत नाही. रूपांतर दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत उरकून टाका. अलीकडं पेटी, पलीकडं बेडूक, मधलं वाचणाऱ्याचं डोकं आपोआप जुळवतं.

हसू येतं ते वस्तूच्या खोडीतून. शेतातली लाइट रात्री-अपरात्री येते, म्हणून लोक स्टार्टरला ऑटो बसवतात. लाइट आली की मोटर आपली आपण सुरू. त्यामुळं माझा बेडूक कायम अर्धवट झोपेत असतो. हिरवं बटण हा एक डोळा, लाल बटण हा दुसरा. लाइट आली की हिरवा डोळा टक्कन उघडतो आणि मग वाढदिवस असो की कुणाचं तेरावं, "टर्रर्र" आणि पाण्याची धार पाहुण्यांच्या अंगावर. मालक धावत येऊन लाल डोळा दाबतो. या एवढ्या एका खोडीवर मी नऊ स्ट्रिप्स काढल्या आणि अजून ती संपलेली नाही.

दुसरी चूक भाग हरवण्याची. इस्त्रीची वायर म्हणजे शेपूट, तापमान कमी-जास्त करायचं गोल चक्र म्हणजे वशिंड, इथवर ठीक होतं. शिंगं मात्र मी कुठूनही उगवायचो. सहावीतल्या भाच्यानं पकडलं: "मामा, इस्त्रीला शिंगं कुठं असतेत?" दोन दिवस डोकं खाजवल्यावर उत्तर सापडलं. मूठ! ती मधोमध उकलते आणि दोन्ही अर्ध्या तुकड्यांची शिंगं होतात. तेव्हापासून नवं पात्र आलं की आधी वहीचा जुना पुठ्ठा कापायचा, सांध्याच्या जागी टाचणी टोचायची आणि खरंच दुमडून बघायचं. पुठ्ठ्यात जे दुमडत नाही ते चित्रातही खोटं दिसतं.

आकाराचंही तसंच. इथं मोठेमोठे घसरलेत. १९८४ मध्ये अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीनं ट्रान्सफॉर्मर्स, म्हणजे गाड्या-वस्तूंचे रोबो होणारी खेळणी, बाजारात आणले ते जपानच्या ताकारा कंपनीच्या दोन वेगळ्या खेळणी-मालिका एकत्र करून. डायक्लोनमध्ये गाड्यांचे रोबो होते, मायक्रो चेंजमध्ये खऱ्या आकाराच्या वस्तूंचे. दोघांना एकाच गोष्टीत कोंबल्यावर साउंडवेव्ह नावाचा धिप्पाड रोबो हातात मावेल एवढा कॅसेट प्लेअर व्हायला लागला. उरलेलं लोखंड जातं कुठं, हे कुणी विचारायचं नाही! त्याच्या छातीतून बाहेर पडणाऱ्या कॅसेटी मात्र मला भारी आवडतात. एकीचा काळ्या जग्वारसारखा रॅव्हेज होतो, दुसरीचा लेझरबीक पक्षी. तुमचा प्राणी आणि तुमची वस्तू शेजारी ठेवल्यावर एकाच मापाची दिसली पाहिजेत.

मराठवाड्यात बैलाची जात न बघता बैल काढू नका. मी पांढऱ्या अंगावर काळे डाग देऊन देवणी म्हणून टाकला, तर उदगीरकडच्या एका वाचकानं विचारलं, "ही विलायती होल्स्टिन गाय कुठून आणली?" चुकलं होतं डोकं आणि कान. देवणीचं कपाळ फुगीर, कान लांब आणि खाली लोंबणारे. कान लोंबवले, तक्रार बंद. खरं तर लाल कंधारी घ्यायला पाहिजे होता, रंगही एकच लागला असता.

अक्षरांचा घोळ बराच वेळ खातो. चित्र काढायच्या ॲपमध्ये मराठी टाइप केलं की कधी पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडं जाते, कधी "टर्र"चा रफार सुटून र पायमोडका पडतो. दोष तुमच्या टायपिंगचा नसतो, ॲपला जोडाक्षरं जुळवता येत नसतात. फोटोशॉपची जुनी आवृत्ती असेल तर परिच्छेदाच्या पॅनेलमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या) आधीचे जुने फॉन्ट टाळा. दुसऱ्याच्या संगणकावर मजकुराचा चिवडा होतो. सगळं करून नाहीच जमलं तर हातानं लिहा, मी आता तेच करतो. फक्त दोन ओळींत अंतर जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकतात.

बोलीचं थोडक्यात. तिन्ही पात्रांच्या तोंडी "करायलो, जायलो" ठासून भरलं की सगळे एकाच आवाजात बोलतात. माझ्याकडं फक्त बैल "काय करायलास रे?" म्हणतो. पोपट पानसुपारीच्या बैठकीत वाढलेला, तो कोर्टकचेरीचं मराठी झाडतो. बेडूक बोलतच नाही. आणि टँकरवर विनोद करायचा तर टँकरच्या वेळापत्रकावर करा, घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईवर नको.

एक दुरुस्ती माझ्याकडूनही बाकी आहे. अडकित्त्याच्या दोन दांड्या म्हणजे शेपूट, पातं म्हणजे चोच, खिळा म्हणजे डोळा. पाय कुठून आणायचे? पुठ्ठा चार वेळा कापून झाला. सध्या पोपट दर स्ट्रिपमध्ये कुंपणाच्या मागं बसतो, आणि भाच्याला अजून शंका आलेली नाही.