कार्ड फॉरमॅट करण्याआधी

कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड बिघडून फोटो जातात, तसे घाईघाईत फॉरमॅट मारूनही जातात. दुसरा प्रकार टाळणं आपल्या हातात असतं.

समजा, लग्नाचं शूट उरकून आलात. कॅमेरा बंद करा, कार्डाचा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच कार्ड काढा. केबलऐवजी कार्ड रीडर वापरा. कॉपी चालू असताना कॅमेऱ्याची बॅटरी संपायची धास्ती राहत नाही. प्रत्येक कार्डासाठी वेगळं फोल्डर करा: '२०२५-०२-१६_लग्न_कार्ड१'. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहिलं की फोल्डर आपसूक तारखेप्रमाणे लागतात. वेगळं फोल्डर अशासाठी, की बऱ्याच कॅमेऱ्यांत फाइलचा क्रमांक चार आकडी असतो आणि ९९९९ नंतर पुन्हा ०००१ येतो. एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे असतील तर एकाच नावाच्या फाइल हमखास भेटतात. तिथे 'रिप्लेस' दाबलं की एक फोटो गेलाच.

कट-पेस्ट कधीच नको, फक्त कॉपी. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलची संख्या आणि एकूण बाइट ताडून पाहा. तेवढ्यावर मात्र थांबू नका. रॉ फाइलच्या (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फोटोच्या) पोटात एक जेपीईजी प्रत असते आणि थंबनेल बहुधा तिच्यावरूनच दिसतं. मूळ डेटा खराब असला तरी थंबनेल छान दिसू शकतं. म्हणून पहिली, शेवटची आणि मधल्या दहा-बारा फाइल एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये १०० टक्क्यांवर उघडा. मग दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. तिसरी दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर ठेवली तर उत्तम, पण दोन प्रती झाल्याशिवाय कार्डाला हात लावायचा नाही.

फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा, म्हणजे फोल्डरची रचना त्याला हवी तशी होते. मॅकवर कार्डातल्या फाइल डिलीट केल्या तर त्या कार्डावरच्याच लपलेल्या ट्रॅश फोल्डरमध्ये पडून राहतात आणि कार्ड रिकामं असून भरलेलं दिसतं!

चुकून फोटो उडाले तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. साध्या फॉरमॅटमध्ये बहुधा फक्त फाइलची यादी पुसली जाते. डेटा खरा जातो तो वर नवीन लिहिल्यावर. एसडी कार्डाची लॉकची खुंटी खाली सरकवा आणि 'फोटोरेक' हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. सापडलेल्या फाइल कॉम्प्युटरच्या डिस्कवर साठवा, कार्डावर नाही. मूळ नावं मिळत नाहीत, फोटो मिळतात. कॉम्प्युटरने 'फॉरमॅट करू का?' किंवा 'दुरुस्त करू का?' विचारलं तर नाही म्हणा. दोन वेगवेगळ्या रीडरमध्येही कार्ड ओळखलंच जात नसेल, तर सॉफ्टवेअरच्या नादी न लागता डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

नवीन कार्ड घेताना ठळक छापलेला आकडा बहुधा वाचण्याच्या वेगाचा असतो. व्हिडिओसाठी 'व्ही३०' ही खूण पाहा: लिहिण्याचा वेग सेकंदाला किमान ३० मेगाबाइट. सेकंदाला १०० मेगाबिटच्या फोर-के व्हिडिओला साधारण १२.५ मेगाबाइट लागतात (आठ बिटांचा एक बाइट), त्यामुळे तेवढं पुरतं. बनावट कार्ड १२८ जीबी दाखवतं, आत जागा मात्र बरीच कमी असते. म्हणून पहिल्या कामाआधी विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू', मॅक किंवा लिनक्सवर 'एफ३' वापरून पूर्ण कार्ड भरून वाचून बघा. याला वेळ लागतो, रात्री लावून ठेवा.