तोकड्या एडिटरमध्ये पन्हाळा कसा उभारावा

एज ऑफ एम्पायर्स २ हा खेळ १९९९ सालचा आहे, आणि त्याच्या नकाशा एडिटरची चौकट आजही त्याच काळातली वाटते. एखाद्या कोल्हापूरकराने त्यात पन्हाळा-विशाळगडाची वाट उभारायला घेतली की वैताग ठरलेलाच. कारण गड त्याच्या डोळ्यांसमोर पक्का असतो आणि एडिटर त्याला उंचीच्या मोजक्या पायऱ्या, ओबडधोबड कडे आणि चौकोनी ब्रश एवढेच हाती देतो. तरीही जुलै १६६० मधल्या त्या रात्रीचा खेळण्याजोगा नकाशा यातून नक्की होतो. फक्त भूगोल जसाच्या तसा उतरवण्याचा हट्ट सोडावा लागतो.

पहिला प्रश्न प्रमाणाचा. मूळ खेळातला सर्वांत मोठा नकाशा २४० गुणिले २४० चौकोनांचा असतो, आणि तो पडद्यावर शंकरपाळ्यासारखा तिरका दिसत असल्यामुळे पूर्व-पश्चिम अंतर कर्णावर मोजले तर सुमारे ३४० चौकोन हाती येतात. पन्हाळा उजव्या कोपऱ्याजवळ आणि विशाळगड डाव्या कोपऱ्याजवळ ठेवून मधल्या साधारण ६० किलोमीटरच्या वाटेला ३०० चौकोन दिले, तर एक चौकोन २०० मीटरचा होतो. या हिशेबाने सात किलोमीटरहून अधिक घेराचा पन्हाळा दहा-बारा चौकोनांत मावतो, आणि एका किल्ल्याच्या इमारतीलाच चार गुणिले चार जागा लागते! म्हणून प्रमाण एकच ठेवू नये: गडाला साठ-सत्तर चौकोनांची ऐसपैस जागा द्यावी, खिंड मोठी करावी आणि मधली वाट निर्दयपणे आखडावी. कोल्हापूर शहर यात बसत नाही. ते वगळताना जिवावर येते, पण वगळावेच.

त्यानंतर उंची. मूळ आवृत्तीत तिच्या सातच पायऱ्या आहेत आणि शेजारच्या चौकोनांत एका पायरीपेक्षा जास्त फरक राहत नाही, त्यामुळे डोंगर कितीही उंचावला तरी त्याला चढण्याजोगा उतार आपोआप येतो. पन्हाळ्याचा ताशीव कडा हवा असेल तर माथा सपाट करून घ्यावा आणि त्याच्या कडेने कड्यांचे साधन फिरवावे, म्हणजे सैन्य अडते. हे साधन कडा मोठ्या तुकड्यांत टाकते, त्यामुळे मधे फटी राहतात. त्या दाट झाडीने बुजवाव्यात आणि राजदिंडीसाठी, म्हणजे महाराज गडावरून निसटले त्या वाटेसाठी, एकच फट मुद्दाम मोकळी सोडावी. मात्र ऑनेजर, म्हणजे खेळातले दगडफेकी यंत्र, झाडे पाडून वाट काढतो, तेव्हा वेढा घालणाऱ्या खेळाडूसाठी तो बंद करून ठेवावा. उंचीचे काम सर्वांत आधी संपवावे. ती नंतर बदलली की आजूबाजूचे चौकोनही हलतात आणि वर मांडलेले सारे पुन्हा तपासत बसावे लागते.

सह्याद्रीच्या रांगा हाताने काढत बसू नये. एक चांगला डोंगर नीट घडवावा आणि नकाशाची नक्कल करण्याच्या साधनाने तो फिरवून, उलटवून ठिकठिकाणी ठेवावा. वाटेतल्या कासारी नदीला खोल पाणी देऊन मोजक्याच जागी उथळ उतार ठेवावेत. पावसाळ्यातली नदी कुठूनही ओलांडता आली तर खेळातली अर्धी गंमत जाते.

खिंड तीन-चार चौकोनांची असावी, त्याहून अरुंद केली तर सैन्य एकमेकांत अडकते. बाजीप्रभूंची तुकडी चढावाच्या वरच्या अंगाला उभी करावी, कारण उंचावरून केलेल्या हल्ल्याचा मारा २५ टक्क्यांनी वाढतो आणि खालून केलेल्याचा तितकाच घटतो. मूठभर माणसांनी खिंड थोपवणे त्यामुळेच शक्य होते. विशाळगडाच्या दारात एक क्षेत्र आखून, महाराजांचे पात्र तिथे पोहोचले की विजय, असा ट्रिगर, म्हणजे अट पुरी होताच आपोआप घडणारी कृती, लावावा.

चाचणी घेताना प्रत्येक वेळी फाइल नव्या नावाने जतन करावी आणि निदान एकदा तरी सिद्दी जौहरच्या बाजूने खेळून पाहावे. कड्यातली बुजवायची राहिलेली फट तिथूनच सापडते.