नेटवर्कवरून बूट होताना सर्व्हरला आयपी मिळत नसेल तर आधी स्विचचा पोर्ट बघा

डीएचसीपी (आयपी वाटणारी सेवा) चालू, टीएफटीपीवर (बूटची फाइल पुरवणारी सेवा) फाइल जागेवर, शेजारच्या लॅपटॉपला त्याच केबलवर आयपी मिळतो. सर्व्हर मात्र 'पीएक्सई-ई५१' (डीएचसीपीकडून उत्तरच आलं नाही) दाखवून गप्प. अशा वेळी डीएचसीपीच्या मागे लागू नका. बहुतेकदा घोळ स्पॅनिंग ट्रीचा असतो, म्हणजे जोडण्यांचं वर्तुळ (लूप) होऊ न देणाऱ्या स्विचमधल्या सोयीचा. लिंक वर आली तरी स्विच तो पोर्ट साधारण ३० सेकंद अडवून धरतो, तेवढ्यात बूट रॉम (नेटवर्कवरून बूट करणारा सर्व्हरमधला छोटा प्रोग्राम) आयपी विचारून विचारून दमतो. लॅपटॉप पुन्हा पुन्हा मागत राहतो, म्हणून त्याचं निभावतं.

खात्री करायला सर्व्हर आणि मुख्य स्विच यांच्यामध्ये एखादा साधा पाच पोर्टचा स्विच लावा, मिनिटभर थांबा, मग सर्व्हर रीस्टार्ट करा. मधल्या स्विचमुळे मुख्य स्विचची लिंक तुटत नाही. आता बूट झाला, तर चोर सापडला.

मग कायमचा इलाज:

१. सर्व्हरच्या पोर्टवर पोर्टफास्ट (लिंक येताच पोर्ट लगेच खुला करणारी सेटिंग) चालू करा. सिस्को सोडून इतरांकडे हेच 'एज पोर्ट' नावाने सापडतं. रॅपिड स्पॅनिंग ट्री असली तरी हे करावंच लागतं.
२. सोबत बीपीडीयू गार्ड लावा; त्या पोर्टवर दुसऱ्या स्विचचे स्पॅनिंग ट्रीचे संदेश आले तर तो पोर्ट बंद करतो.
३. कॉन्फिग सेव्ह करा. हे हमखास राहतं, आणि वीज गेली की पुन्हा तेच रडगाणं.

दोन स्विच जोडणाऱ्या पोर्टवर मात्र पोर्टफास्ट चुकूनही नको. लूप झाला तर सगळं नेटवर्क आडवं होईल.