प्रबंधाचे पृष्ठक्रमांक: वर्डमध्ये या चुका टाळा

शोधप्रबंधासाठी सहसा अशी रचना अपेक्षित असते की मुखपृष्ठावर क्रमांक नसावा, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश आणि अनुक्रमणिका यांना लहान रोमन अंक असावेत आणि पहिले प्रकरण १ पासून सुरू व्हावे. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये हे साधताना अनेक जण नको असलेल्या पानाच्या फूटरमधील (पानाच्या तळाच्या पट्टीतील) आकडा खोडतात आणि सगळ्याच पानांवरचे आकडे नाहीसे झाल्याने गोंधळतात. वर्डमध्ये फूटर पानाचा नसून सेक्शनचा, म्हणजे स्वतंत्र मांडणी असलेल्या भागाचा असतो आणि संपूर्ण प्रबंध एकाच सेक्शनमध्ये असेल, तर एका ठिकाणी केलेला बदल सर्वत्र उमटणारच. आकड्यावर पांढरा चौकोन ठेवण्याची क्लृप्ती छपाईत खपून जाते, मोजणी मात्र तशीच राहते.

कंट्रोल आणि एंटर दाबून नवे पान घेतल्याने नवा सेक्शन तयार होत नाही. त्यासाठी ‘लेआउट’मधील ‘ब्रेक्स’ उघडून सेक्शन ब्रेकखालील ‘नेक्स्ट पेज’ निवडावे लागते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात; कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबले की नेमका कोणता ब्रेक पडला आहे ते कळते.

सर्वाधिक वेळ खाणारी चूक यापुढची आहे. नवा सेक्शन आधीच्या सेक्शनचा फूटर आपोआप उचलतो आणि पहिल्या प्रकरणाचा फूटर उघडल्यावर कडेला ‘सेम ॲज प्रीव्हियस’ असे लिहिलेले दिसते. ते तसेच ठेवून येथील आकडा बदलला किंवा पुसला, तर अनुक्रमणिकेच्या पानांचेही तेच होते. म्हणून आधी ‘लिंक टू प्रीव्हियस’ ही मागच्या सेक्शनशी असलेली जोडणी बंद करावी आणि मगच फूटरला हात लावावा. हा क्रम उलटला की दुरुस्तीचे काम दुप्पट होते. हेडर (पानाच्या वरची पट्टी) आणि फूटर यांची जोडणी वेगवेगळी असते, आणि पहिल्या पानाचे हेडर-फूटर वेगळे ठेवणारा ‘डिफरंट फर्स्ट पेज’ हा पर्याय निवडलेला असल्यास त्या सेक्शनच्या पहिल्या पानाची जोडणीही स्वतंत्रपणे तोडावी लागते.

‘डिफरंट फर्स्ट पेज’मुळे मुखपृष्ठावरील आकडा दिसेनासा होतो, पण ते पान मोजले जाते आणि पुढच्या पानावर २ येतो. लहानशा अहवालात ‘फॉरमॅट पेज नंबर्स’मध्ये ‘स्टार्ट ॲट’ ० केले तरी भागते. प्रबंधात मात्र पहिल्या प्रकरणाच्या सेक्शनमध्ये तेथे १ लिहावा.

सगळे जमल्यावर ‘जादा’ वाटणारा सेक्शन ब्रेक खोडू नये, कारण त्याच्या आधीच्या मजकुराला नंतरच्या सेक्शनची मांडणी लागू होते आणि रोमन अंक जातात. खोडलाच असेल, तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबावे. शेवटी अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ९ दाबावे, अन्यथा तिच्यात जुनेच पृष्ठक्रमांक छापले जातील.