माजी सैनिकाची दारू कमी करायची तर आधी रात्र सांभाळा

निवृत्त फौजी रोज रात्री पितो तेव्हा घरचे बाटली लपवतात, नाहीतर लष्करी कॅन्टीनचं कार्ड काढून घेतात. दोन्हींतून भांडण होतं आणि पिणं घराबाहेर जातं. ज्याच्या मनावर गोळीबाराचा, स्फोटाचा किंवा डोळ्यांदेखत गेलेल्या साथीदाराचा आघात आहे, त्याच्यासाठी दारू बहुतेक वेळा झोपेचं औषध असते. हे औषध त्याने स्वतःच ठरवलेलं आणि चुकीचं असतं, पण लगेच लागू पडणारं असतं. त्याच्या जागी दुसरं काही न ठेवता ते हिसकावलं तर तो चार दिवसांत पुन्हा त्याकडेच वळतो.

विषय सकाळी काढा. नागपुरात असाल तर फुटाळा तलावावरून फिरून आल्यावर, चहाच्या वेळी. "बाबा, काल झोप कशी लागली?" असं विचारा. दारूचं नाव पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून येऊ द्या. "तिकडे काय काय पाहिलंत?" हे घरच्यांनी खोदून विचारू नये. ते काम समुपदेशकाचं आहे.

मग सात दिवस काहीही कमी न करता फक्त मोजायचं. कॅन्टीनच्या 750 मिलीच्या रमच्या बाटलीत, अल्कोहोलचं 42.8 टक्के प्रमाण धरलं तर, 30 मिलीचे 25 पेग बसतात. 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये 6 बसतात. अशा एका पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलीची एक बाटली म्हणजे असे चार पेग झाले. अंदाजाने ओतलेला पेग 30 मिलीचा क्वचितच असतो, म्हणून "दोनच घेतो" म्हणणारा माणूस प्रत्यक्षात पाच घेत असू शकतो. पेगचं माप विकत आणा. वहीत ड्युटी रजिस्टरसारख्या तीन रकान्यांत त्यांनी स्वतः लिहावं : वेळ, किती मिली, आणि त्याआधीच्या अर्ध्या तासात काय झालं. तिसरा रकाना सगळ्यात कामाचा. फटाके, वरातीचा बँड, टीव्हीवरची चकमकीची बातमी, जुन्या पलटणीतला फोन, की पहाटे तीनला मोडलेली झोप, हे त्यातूनच कळतं.

इथे एक धोका आहे. सकाळी हात थरथरतात, घाम सुटतो, एक घोट घेतल्यावर बरं वाटतं, किंवा आधी कधी दारू थांबवल्यावर फिटचा झटका आला होता, अशा माणसाने घरच्या घरी अचानक बंद करू नये. शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 48 तासांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत भ्रम, नसलेल्या गोष्टी दिसणं, ताप असं सुरू झालं तर जिवावर बेतू शकतं. अशा वेळी ताबडतोब 108 ला फोन करा. नागपूरच्या मे महिन्यात या अवस्थेत अंगातलं पाणी फार झपाट्याने कमी होतं, त्यामुळे "संध्याकाळपर्यंत बघू" म्हणून थांबू नका.

दाखवायचं कुठे? ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल मागा. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स इथे मानसोपचार विभाग आहेत, शिवाय प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे. पहिल्याच भेटीत दोन्ही गोष्टी सांगा : किती पितात आणि स्वप्नं कसली पडतात. "आधी दारू सोडा, मग आघाताचं बघू" ही समजूत जुनी झाली. दोन्हींवर उपचार एकत्र करता येतात. सोबत वही न्या, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्यांबद्दल विचारा. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट यांसारखी ओढ कमी करणारी औषधं या तपासण्या पाहून ठरतात. थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, बहुतेकांना लागतं. जाहिरातीतली "न कळत दारू सोडवा" पावडर मात्र जेवणात कधीही मिसळू नका. त्यात डायसल्फिराम हे औषध असेल तर वरून दारू पोटात गेल्यावर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. शिवाय कळल्यावर घरच्या ताटावरचा त्यांचा विश्वास उडतो. उरलेल्या झोपेच्या गोळ्याही दारूसोबत देऊ नका, श्वास मंदावतो.

डॉक्टरांनी घरी कमी करायला हरकत नाही म्हटलं तर दर तीन-चार दिवसांनी दिवसाच्या एकूण मापाचा साधारण दहावा हिस्सा उतरवा. थरथर वाढली तर त्याच मापावर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. सुरुवात संध्याकाळी सातच्या, गप्पांच्या पेगपासून करा, तो सोडायला सर्वांत सोपा. जेवण आधी, पेग नंतर. झोपेच्या आधीचा पेग हळूहळू लवकर सरकवत न्या, झोप आणि त्याच्यात तीन तासांचं अंतर पडेपर्यंत. घरात एका वेळी एकच बाटली असावी.

आता रात्र. दारू स्वप्नांची झोप दाबून ठेवते. दारू कमी झाली की दाबलेली स्वप्नं काही दिवस जोरात उसळतात. इथेच बहुतेक जण हरतात, कारण "दारूच बरी होती" अशी त्यांची खात्री पटते. हे आधीच सांगून ठेवा. त्या रात्रींसाठी खोलीत मंद दिवा ठेवा, उन्हाळ्यात कुलरची घरघर चालू राहू द्या, बाहेरचे आवाज बुजतात. दुपारी चारनंतर चहा नको. ओरडून उठले तर जवळ जाऊन हलवू नका, हात उगारला जाऊ शकतो. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून नावाने हाक मारा, दिवा लावा, आणि सांगा : "तुम्ही नागपुरात आहात, घरी आहात, पहाटेचे तीन वाजलेत." गार पाण्याने तोंड धुऊ द्या, पाय फरशीवर टेकू द्या. वीस मिनिटांत झोप आली नाही तर पलंगावरून उठून दुसऱ्या खोलीत बसावं.

घरात परवान्याची बंदूक असेल, आणि बँकेत किंवा एटीएमवर पहारा करणाऱ्या माजी सैनिकांकडे ती असू शकते, तर या काही आठवड्यांसाठी ती परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करायला त्यांनाच राजी करा. "मरावंसं वाटतं का?" हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

नागपूरच्या मारबत मिरवणुकीचा गोंगाट आणि दिवाळीचे फटाके कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा. त्या दिवसांत माप उतरवू नका, आहे तेवढंच ठेवा. एखाद्या रात्री ठरल्यापेक्षा जास्त झाली तर दुसऱ्या दिवशी दुपारी वही उघडा, तिसरा रकाना त्यांच्याकडून भरून घ्या, आणि संध्याकाळी परत ठरलेल्या मापावर या.