शेअर स्प्लिटनंतर दीर्घकालीन गुंतवणूकदारांनी या चुका टाळाव्यात

सकाळी सव्वानऊला बाजार उघडला आणि दहाच मिनिटांत कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका निवृत्त शिक्षकांचा मला फोन आला. त्यांनी काही वर्षांपूर्वी घेतलेल्या १०० शेअरच्या पुढे ॲपमध्ये लाल अक्षरांत ८० टक्के तोटा दिसत होता, आणि आवाज शांत ठेवण्याचा प्रयत्न करत ते एवढेच विचारत होते, "उरलंय तेवढं विकून मोकळा होऊ का?" प्रत्यक्षात कंपनीने १० रुपये दर्शनी मूल्याचा (म्हणजे कागदोपत्री ठरवलेल्या किमतीचा) शेअर २ रुपये दर्शनी मूल्याच्या पाच शेअरमध्ये विभागला होता. भाव त्या सकाळपासून पाचपट खाली आला होता, पण त्यांचे वाढीव ४०० शेअर अजून खात्यात दिसत नव्हते. दर्शनी मूल्य बदलले की शेअरचा आयसिन, म्हणजे ओळख क्रमांकही बदलतो, जुने शेअर खात्यातून वजा होऊन नवे जमा होतात, आणि या अदलाबदलीला थोडे दिवस लागू शकतात. त्या दिवसांत घाबरून शेअर विकणे ही स्प्लिटमधली सर्वांत महागडी चूक आहे. भाव एकाएकी असा निम्म्याने, पाचपट किंवा दहापट घसरलेला दिसला, तर आधी शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर त्या कंपनीची रेकॉर्ड डेट, म्हणजे स्प्लिट कोणत्या भागधारकांना लागू हे ठरवणारी तारीख पाहावी आणि नंतर डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या सीडीएसएल किंवा एनएसडीएल या संस्थेच्या विवरणपत्रात शेअरची संख्या तपासावी. ब्रोकरच्या ॲपपेक्षा हे विवरणपत्र अधिक भरवशाचे असते.

कोल्हापूरकराला स्प्लिट समजावून सांगायला मार्केट यार्डातला गूळ पुरतो. तीस किलोचा एक रवा असो किंवा एकेक किलोचे तीस रवे असोत, काट्यावर वजन तेवढेच भरते. जुलै २०२२ मध्ये टाटा स्टीलने १० रुपयांचा शेअर १ रुपयाचा केला, तेव्हा साडेनऊशेच्या घरातला भाव शंभराच्या आसपास आला. तरी भागधारकाचा कंपनीतला वाटा तसूभरही हलला नाही. म्हणूनच "आता स्वस्त झाला" या समजुतीने स्प्लिटनंतर घाईने खरेदी करणे ही वरच्याच चुकीची दुसरी बाजू आहे. टायर बनवणाऱ्या एमआरएफने आपला शेअर कधीच विभागलेला नाही आणि २०२३ मध्ये त्याच्या भावाने लाखाचा टप्पा गाठला, पण त्या आकड्यावरून तो शेअर महाग आहे की स्वस्त, हे मुळीच ठरत नाही. ते कंपनीचा नफा आणि भाव यांच्या प्रमाणावरून ठरते, आणि ते प्रमाण स्प्लिटने बदलत नाही. विभाजनामुळे लहान गुंतवणूकदाराला एक-दोन शेअर घेणे सोपे जाते आणि उलाढाल वाढू शकते. हा लाभ खरा आहे, पण तेवढ्यावर दहा वर्षांचा निर्णय घेऊ नये.

लाभांशाच्या टक्केवारीबाबतही अशीच गफलत होते. टक्केवारी दर्शनी मूल्यावर मोजतात, त्यामुळे १ रुपयाच्या शेअरवर ५०० टक्के लाभांश म्हणजे फक्त ५ रुपये.

खरा घोळ कराच्या हिशेबात होतो, आणि तो बहुधा विक्रीनंतर, प्राप्तिकर विवरणपत्र भरताना उघडकीस येतो. समजा, २०१९ मध्ये १,००० रुपयांनी १०० शेअर घेतले आणि पुढे एकाचे पाच झाले. आता तुमच्याकडे ५०० शेअर आहेत आणि प्रत्येकाची खरेदी किंमत २०० रुपये आहे. त्यांतले ५० शेअर ४५० रुपयांनी विकले, तर नफा १२,५०० रुपये होतो. वहीतला जुना १,००० चा आकडा तसाच वापरला, तर कागदावर २७,५०० रुपयांचा तोटा दिसतो आणि विवरणपत्र चुकते. शेअर मधल्या काळात दुसऱ्या डीमॅट खात्यात हलवले असतील, तर ॲपमधली खरेदी किंमत हमखास चुकीची असते असे समजूनच तपासावी. शेअर किती काळ हाती होते, तो धारणकाळ मात्र मूळ खरेदीच्या तारखेपासूनच मोजला जातो. त्यामुळे स्प्लिटनंतर महिन्याभरात विकले, तरी २०१९ चे शेअर दीर्घकालीनच राहतात आणि वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. फेब्रुवारी २०१८ पूर्वीच्या खरेदीसाठी ३१ जानेवारी २०१८ चा भाव हिशेबात घेतला जातो. स्प्लिट त्यानंतर झाला असेल, तर तो भावही त्याच प्रमाणात भागायला हवा, आणि नेमके हेच अनेकांकडून राहून जाते.

बोनस, म्हणजे कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर, आणि स्प्लिट यांना एकाच मापाने मोजू नये. जून २०२५ मध्ये बजाज फायनान्सने दोन्ही एकदम दिले. २ रुपयांच्या एका शेअरचे १ रुपयाचे दोन झाले आणि त्या प्रत्येकावर चार बोनस मिळाले, म्हणजे एकाचे दहा झाले. या दहांपैकी दोन शेअरना जुनी तारीख आणि जुनी किंमत निम्मी-निम्मी लागू होते. उरलेल्या आठांची खरेदी किंमत कराच्या दृष्टीने शून्य असते आणि त्यांचा धारणकाळ वाटपाच्या तारखेपासून सुरू होतो. डीमॅट खात्यात आधी आलेले शेअर आधी विकले गेले असे धरतात, त्यामुळे पहिल्या दोनांवर तोटा आणि नंतरच्या आठांवर मोठा नफा, असे चित्र दिसू शकते. ते चुकीचे नसते, पण कोणते शेअर केव्हा विकावेत हे ठरवताना ते डोळ्यांसमोर असावे.

विशिष्ट भावाला विक्री व्हावी म्हणून लावून ठेवलेल्या दीर्घ मुदतीच्या जीटीटी ऑर्डरी स्प्लिटनंतर रद्द झाल्या आहेत की जुन्याच भावाला तशाच आहेत, हे लगेच पाहावे. आणि जुना आलेख उघडल्यावर २०१९ चा भाव १,००० ऐवजी २०० दिसला, म्हणून आपल्याला कोणी जास्त भावाने शेअर विकले, असा संशय धरू नये. आलेखातले मागचे भाव स्प्लिटनुसार भागून दाखवलेले असतात.

आपल्याकडे, विशेषतः उद्यमनगर, शाहूपुरी भागातल्या जुन्या घरांत, अजून एक चूक कपाटात पडून असते. एका कारखानदाराच्या घरी वडिलांच्या फाइलमध्ये ५० शेअरचे कागदी प्रमाणपत्र निघाले. १० रुपये दर्शनी मूल्य, कोपऱ्यावर गंजलेल्या टाचणीचा डाग. घरच्यांनी आजचा भाव गुणिले ५० असा हिशेब मांडला होता. मधल्या काळात कंपनीने दोनदा स्प्लिट केला होता, आधी १० चे २ रुपये आणि मग २ चा १ रुपया, त्यामुळे ते शेअर ५०० झाले होते. उलट एचडीएफसी बँकेसारख्या कंपनीत २०११ आणि २०१९ चे स्प्लिट मोजून थांबले, तर २०२५ चा एकास एक बोनस राहून जातो आणि एकाचे वीस व्हायला हवेत ते दहाच वाटतात. असे प्रमाणपत्र हाती लागले, तर प्रथम कंपनीच्या निबंधकाकडे, म्हणजे भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे, प्रमाणपत्रावरचा फोलिओ क्रमांक देऊन शिल्लक विचारावी आणि वारसाची कागदपत्रे व डीमॅटचे काम सुरू करावे. सलग सात वर्षे लाभांश उचललेला नसेल, तर शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे (आयईपीएफ) वर्ग झालेले असू शकतात. ते बुडालेले नसतात. आयईपीएफ-५ हा अर्ज भरून परत मागता येतात, पण अर्जात शेअरची संख्या जुन्या प्रमाणपत्रावरची न लिहिता निबंधकाने लेखी कळवलेलीच लिहावी.